गुऱ्हाळाच्या टर्बो इंजिनासाठी घरी केलेला मॅनिफोल्ड: हंगाम २०२३-२४ च्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२३

हंगाम सुरू होऊन आठवडा झाला आणि मॅनिफोल्ड, म्हणजे चारही सिलिंडरचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा नळा, परत फुटला. टर्बो म्हणजे त्याच धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. आमचा ऊस गाळायचा चरक जुन्या जीपमधून काढलेल्या अडीच लिटरच्या चार सिलिंडर डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) टर्बो इंजिनावर चालतो. थ्री फेज लाईट पाळीनं येते आणि आधण अर्ध्यात असताना लाईट गेली तर काहिलीतला रस वाया जातो. म्हणून आबांनी सहा वर्षांपूर्वी हे इंजिन सिमेंटच्या फाउंडेशनवर बसवलं. तेव्हापासून बिडाचा (ओतीव लोखंडाचा) मूळ मॅनिफोल्ड दोन वेळा फुटला आहे, ही तिसरी खेप. तडा दर वेळी एकाच जागी येतो, दोन आणि तीन नंबर पोर्टच्या (सिलिंडरचा धूर बाहेर पडायच्या तोंडांच्या) मध्ये, टर्बोच्या फ्लँजच्या (बोल्टनं जोडायच्या सपाट पट्टीच्या) मुळाशी.

जीपमध्ये इंजिन कधी तापतं, कधी निवतं. इथं सोळाशे आरपीएमवर सलग पाच-सहा तास चरक ओढायचा, मग बंद. टर्बो खाली लोंबतो आणि त्याचा धूर चिपाडांच्या ढिगाकडे तोंड करून बाहेर पडतो. मला खरी भीती त्या ढिगाचीच आहे. वाळल्या चिपाडाला ठिणगी लागायची गरज नसते, तापलेलं बीड पुरतं.

६ नोव्हेंबर

कोल्हापुरात उद्यमनगरात दोन ठिकाणी जुना मॅनिफोल्ड मिळतो का पाहिलं. एक मिळाला, साडेतीन हजार सांगितले. ब्रशनं काजळी काढून उन्हात धरला तर त्यालाही त्याच जागी केसाएवढा तडा. परत ठेवला.

घरी येऊन आमचाच डागायचं, म्हणजे वेल्डिंगनं जोडायचं ठरवलं. तड्याच्या दोन्ही टोकांना तीन मि.मी.चं भोक पाडलं, ग्राइंडरनं तड्यावर व्हीसारखी खाच काढली, मॅनिफोल्ड चुलवाणाच्या तोंडाशी अर्धा तास ठेवून तापवला आणि निकेलच्या रॉडनं इंच-इंच टाके मारले. प्रत्येक टाक्यानंतर हातोडीनं हलकं ठोकलं. मग चिपाडाच्या गरम राखेत रात्रभर पुरून ठेवला. बीड डागायचं असेल तर सावकाश निवू देणं हेच निम्मं काम आहे आणि गुऱ्हाळावर राखेला तोटा नाही.

१९ नोव्हेंबर

डागलेला तडा सदतीस तास टिकला. नवा तडा डागाच्या शेजारी, मूळ बिडात आला. डाग जसाच्या तसा आहे. यावरून मला एवढं कळलं की बीडच थकलंय, कितीही डागा.

दोन दिवस टर्बो काढून साधा पाइप लावूनही पाहिलं. जाड मोळी घातली की इंजिन बसतं आणि काळा धूर थेट काहिलीवर येतो. गुळव्या मामा एवढंच म्हणाले, “ह्या धुरात माझा गूळ पिवळा निघणार न्हाई.” त्यांचं बरोबर आहे. टर्बो लागणारच. काम होईपर्यंत लाईट नसेल तेव्हा शेजारच्या ट्रॅक्टरच्या पुलीवर चरक चालवायचा, तासाला सहाशे रुपये.

२० नोव्हेंबर

नवा मॅनिफोल्ड बनवायचा. सायलेंसर, गेट, ट्रॉल्या अशी कामं मी पंधरा वर्षं करतोय, टिग वेल्डिंग (आरगॉन वायूच्या आडोशात केलेलं) येतं, पण टर्बोचा मॅनिफोल्ड कधी केला नव्हता. डोक्यात होतं ते इतकंच: टर्बो वर न्यायचा, धुराडं सरळ पत्र्यातून वर काढायचं आणि चिपाडांच्या बाजूला तापलेलं काही राहू द्यायचं नाही.

सगळ्या नळ्या सारख्या लांबीच्या करायच्या फंदात पडलो नाही. आमचं इंजिन एकाच आरपीएमवर चालतं. नळी लांब केली की गॅस वाटेतच निवतो आणि टर्बोपर्यंत जोर पोचत नाही. म्हणून आखूड, जाड आणि सरळ. आडवी एक नळी, तिला चार फांद्या, मधोमध टर्बो.

२२ नोव्हेंबर

पहिली चूक इथं झाली. फ्लँजचं माप तिच्या आणि इंजिनाच्या हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) मधल्या जुन्या पॅकिंगवरून घेतलं. पॅकिंग कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली, भाच्यानं कॉम्प्युटरवर रेषा काढून दिल्या. शिरोली एमआयडीसीत १२ मि.मी. लोखंडी प्लेटवर लेझर कटिंग करून घेतलं. हेडची आणि टर्बोची फ्लँज मिळून १,१५० रुपये.

२५ नोव्हेंबर

फ्लँज हेडवर बसेना. एक नंबरचं भोक जुळवलं की चौथ्याचं दीड मि.मी. बाहेर. वापरलेलं पॅकिंग दाबून आणि तापून ताणलेलं असतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

या वेळी हेडवरच जाड कागद धरला, ग्रीस लावलेल्या बोटानं कडा उठवल्या आणि स्टडच्या (हेडमध्ये रोवलेल्या बोल्टच्या) मध्यापासून मध्यापर्यंत व्हर्नियरनं प्रत्येक अंतर दोनदा मोजलं. पहिल्या पोर्टच्या मध्यापासून चौथ्याच्या मध्यापर्यंत ३१२ मि.मी. भरलं. आधी पुठ्ठ्याची, मग दोन मि.मी. पत्र्याची फ्लँज कापून स्टडवर घालून पाहिली आणि मगच लेझरवाल्याकडे गेलो. परत १,१५०. तीन दिवस गेले. तुम्ही करणार असाल तर पत्र्याची पायरी गाळू नका.

२८ नोव्हेंबर

नळीसाठी दीड इंची ३०४ एल स्टेनलेसचे, शेड्यूल १० चे (शेड्यूल म्हणजे नळीच्या जाडीचा दर्जा) मोठ्या वळणाचे, लाँग रेडियस बेंड घेतले. बाहेरून ४८.३ मि.मी., जाडी २.७७. सहा बेंड १,२६०, अर्धा मीटर सरळ नळी ४५०. साधं ३०४ थोडं स्वस्त पडतं, पण ४५० अंशांच्या वर दिवसचे दिवस राहिलं की त्यातला कार्बन धातूच्या कणांच्या कडांना जमतो आणि वेल्डिंगच्या शेजारची जागा कमकुवत होते. एल मध्ये कार्बन कमी असतो.

शेड्यूल ४० ची लोखंडी नळी घ्यावी का यावर एक संध्याकाळ घालवली. ती जाड, स्वस्त आणि तापल्यावर स्टेनलेसपेक्षा कमी वाढते. पण आमच्याकडे पावसाळ्यातले चार-पाच महिने इंजिन बंद असतं. आत गंज धरला आणि त्याचा पापुद्रा सुटून टर्बोच्या पंख्यावर गेला तर मॅनिफोल्डपेक्षा मोठा खर्च अंगावर येतो. म्हणून नळी स्टेनलेसची. फ्लँज मात्र लोखंडीच, कारण ती बिडाच्या हेडला चिकटून राहते आणि तिची वाढ हेडच्या जवळपास असलेली बरी.

हेडचं पोर्ट लंबगोल आहे, नळी गोल. नळीचं तोंड वाइसमध्ये दोन लाकडी ठोकळ्यांत धरून हळूहळू दाबलं, आत पोर्टच्या आकाराचा घासलेला लोखंडी ठोकळा घातला. चार तोंडांना सकाळ गेली. एक आणि चार नंबरचे बेंड वळवून त्यांचीच आडव्या नळीची टोकं केली, दोन आणि तीन नंबरचे बेंड अर्धे कापून माशाच्या तोंडासारखी खाच काढून बसवले. फट कुठंही एक मि.मी.पेक्षा जास्त ठेवली नाही. कानस सगळ्यात जास्त चालली ती इथं.

१ डिसेंबर

भंगारातून त्याच इंजिनाचं फुटकं हेड वजनावर आणलं. त्यावर फ्लँज आवळून वेल्डिंग सुरू केलं. स्टेनलेसला स्टेनलेस जोडताना ३०८ एल तार, स्टेनलेसला लोखंडी फ्लँज जोडताना ३०९ एल. ऐंशी ते नव्वद अँपिअर. संध्याकाळी सातपर्यंत सगळे जोड पुरे झाले. बाहेरून वेल्डिंगचे मणी एकसारखे, सोनेरी. घरच्यांना दाखवला.

३ डिसेंबर

दोन गोष्टी बिघडल्या आहेत. दोन्हींना कारण माझी घाई.

एक, फ्लँज वाकली. आठ स्टडपैकी चारच आवळले होते आणि हाताला सोसेल इतकं निवताच हेडवरून काढली. सपाट काचेवर ठेवली तर मधे १.२ मि.मी.चं फिलर गेज (फट मोजायची पट्टी) सहज जातं.

दुसरी जास्त वाईट. तापलेल्या जोडाला आतल्या बाजूनं हवा लागू नये म्हणून नळीत आरगॉन सोडायचा असतो, तो सोडला नव्हता. वाटलं, नळी जाड आहे, चालेल. मोबाईलला जोडायचा छोटा कॅमेरा आत घातला तर प्रत्येक जोडाच्या मागं काळी, खडबडीत, साखरेसारखी दाणेदार पपडी. बोटानं खरवडली तर दाणा सुटून तळहातावर पडला. मोहरीएवढा, पण कडक. टर्बाइनचा पंखा मिनिटाला लाखभर फेऱ्यांनी फिरत असताना हा दाणा त्यावर आदळला तर पात्याची कड तुटते. असा मॅनिफोल्ड बसवणं शक्य नव्हतं.

सगळे जोड एक मि.मी.च्या चकतीनं कापले. दीड दिवस.

५ ते ७ डिसेंबर

परत वेल्डिंग, या वेळी नीट. चार पोर्टं आणि टर्बोचं तोंड ॲल्युमिनियम फॉईल आणि टेपनं बंद. आरगॉन हवेपेक्षा जड, म्हणून खालच्या टोकानं आत सोडायचा आणि सगळ्यात वरच्या जागी पेन्सिलएवढं भोक ठेवायचं. आधी मिनिटाला पंधरा लिटरनं वीस मिनिटं वाहू दिला, मग वेल्डिंग चालू असताना पाच-सहा लिटर. आतला प्रवाह जास्त ठेवला तर वितळलेला मणी बाहेर ढकलला जातो, तेही एका जोडावर अनुभवलं.

आठही स्टड आवळले. एका बाजूनं सरळ न जाता एक, चार, दोन, तीन असं फिरून टाके मारले, एका वेळी दोन इंचांपेक्षा जास्त नाही. रात्री हेडवर तसाच आवळलेला ठेवला, सकाळी काढला. वाक ०.३ मि.मी. पहिल्या वेळच्या वाकामुळं मिलिंग मशीनवर फेस मारावाच (तोंड सपाट कापून घ्यावंच) लागला, फ्लँज साडेदहा मि.मी.वर आली. मिलिंगचे ५००. आरगॉनचे दोन सिलिंडर संपले, १,९००. त्यातला एक वाचला असता.

कॅमेऱ्यातून आत पाहिलं. जोड राखाडी, गुळगुळीत. कुठंही दाणा नाही.

९ डिसेंबर

बसवायला घेतला. तीन नंबरच्या खालच्या स्टडवर नट चढतो, पण फांदीमुळं पाना फिरत नाही. तेराचा पाना ग्राइंडरवर घासून पातळ केला तरी एका खेपेला नट जेमतेम बाराव्या हिश्श्यानं फिरायचा. एक नट आवळायला चाळीस मिनिटं. असंच ठेवावं असं क्षणभर वाटलं. पण रात्री दोन वाजता काहिलीत आधण असताना कुणाला तरी हाच नट आवळावा लागेल आणि तो मीच असेन असं नाही. फांदी कापली, बारा अंश फिरवून परत बसवली. एक दिवस गेला. नळ्यांना टाके मारलेत तोवरच प्रत्येक नटावर पाना फिरवून पाहायला हवा होता.

११ डिसेंबर

पहिल्यांदा सुरू केलं. आवाज भरीव, गळती नाही. दहा मिनिटांनी निळा धूर.

टर्बो नवीन जागी फिरवून बसवताना त्याचं ऑइल रिटर्नचं तोंड तिरकं झालं होतं, ओळंब्यापासून जवळपास पंचेचाळीस अंश. टर्बोतून ऑइल दाबानं नाही, आपल्या वजनानं खाली उतरतं. तोंड तिरकं झालं की आत ऑइल साचतं आणि सीलमधून टर्बाइनच्या बाजूला सुटतं. टर्बो बिघडला असं समजून दुरुस्तीला न्यायच्या बेतात होतो. मधल्या बॉडीचे बोल्ट सैल करून ती फिरवली, तोंड ओळंब्यात आणलं आणि रिटर्नचा पाइप मधे कुठंही पोट न येता सरळ उतरता घेतला. टर्बो वर गेल्यामुळं उतार उलट चांगला मिळाला. धूर बंद.

टर्बोच्या फ्लँजच्या आधी सॉकेट डागून के टाइप थर्मोकपल (धुराचा ताप मोजणारी सळी) बसवलं, मीटरसकट १,३५०. टोक नळीच्या मध्यापर्यंतच आत ठेवलं. चरक भरलेला असताना ४८० अंश, जाड मोळीला ५३०.

२१ डिसेंबर

एकतीस तासांनी तडा.

खूण गुळव्या मामांना आधी लागली. काहिलीपाशी उभे असताना म्हणाले, “इंजान आज टिकटिक करतंय, काल न्हवतं करत.” मला जवळ उभं राहून ऐकू येत नव्हतं. सकाळी थंड इंजिन सुरू केलं तेव्हा चार नंबरजवळ स्पष्ट टिक टिक आणि फांदीच्या मुळाशी काजळीची बारीक काळी रेघ. इंजिन तापलं की आवाज नाहीसा व्हायचा, कारण नळी फुगून तडा मिटायचा.

तडा वेल्डिंगमध्ये नव्हता, वेल्डिंगच्या कडेला नळीत होता. रात्री वहीवर हिशेब मांडला. स्टेनलेस दर अंशाला मीटरमागं साधारण साडेसतरा मायक्रॉन वाढतं. ३१२ मि.मी. लांबी आणि नळी सरासरी साडेचारशे अंशांवर धरली तर सव्वादोन मि.मी.हून जास्त वाढ. हेड पाण्यानं थंड राहतं, ते पाव मि.मी.सुद्धा वाढत नाही. मधले दोन मि.मी. जाणार कुठं? फ्लँज मी अखंड ठेवली होती, भोकं स्टडला घट्ट होती. आणि टर्बोचं वजन पेलायला ब्लॉकपासून टर्बोच्या फ्लँजपर्यंत जाड अँगल डागून टाकला होता, मजबुती म्हणून. तो अँगलच मॅनिफोल्डला हलू देत नव्हता. दर वेळी तापताना आणि निवताना सगळा ताण शेवटच्या फांदीच्या मुळाशी जात होता.

बिडाचा मूळ मॅनिफोल्ड तिथंच का फुटायचा, त्याचंही उत्तर मला यात दिसतं. टर्बोचं सगळं वजन एका गळ्यावर आणि फाउंडेशनवर कडक आवळलेल्या इंजिनाची थरथर त्याच गळ्यात.

२३ ते २६ डिसेंबर

मॅनिफोल्ड भंगारातल्या हेडवर परत आवळला. तडा पूर्ण कापून काढला, आतून आरगॉन सोडून भरला. मग हेडवर आवळलेला असतानाच फ्लँज पोर्टांच्या मध्ये तीन जागी आरपार कापली, प्रत्येक काप तीन मि.मी. रुंद. आधी कापली नव्हती ती तुकडे पुढंमागं होतील या भीतीनं. काढल्यावर तुकडे थोडे उचलले, काचेवर एमरी कागद पसरून चारही एका पातळीत घासले.

स्टड एम ८ चे, म्हणजे ८ मि.मी. जाडीचे. दोन आणि तीनची भोकं ९ मि.मी.ची तशीच ठेवली, एक आणि चारची ११ केली, खाली जाड वॉशर. मधला भाग जागेवर राहतो, टोकं दोन्हीकडे सरकतात. पॅकिंग स्टीलचं घेतलं, ३८०. कागदी थराचं पॅकिंग या सरकण्यात फाटतं.

अँगल काढून टाकला. त्याऐवजी ब्लॉकवर बोल्ट केलेला ब्रॅकेट, वर लंबगोल खाच. टर्बोचं वजन त्यावर टेकतं, पण आडवं सरकायला मोकळीक आहे. नट पूर्ण आवळायचा नाही. डबल नट करून मधे कागदाएवढी फट ठेवायची.

धुराडं मॅनिफोल्डवर टेकवलेलं नाही, ते पत्र्याखालच्या कैचीला टांगलंय. मधे लवचिक जाळीची नळी.

२ जानेवारी २०२४

चिपाडांच्या बाजूला आडोसा म्हणून घरात पडलेला जीआय पत्रा लावला. तासाभरात पांढरट धूर आणि घशाला लागणारा उग्र वास. जस्त जळत होतं. जिथं गूळ होतो तिथं हे चालणारच नाही. इंजिन बंद करून पत्रा काढला. आता स्टेनलेसचा पातळ पत्रा, त्याला आतून एक इंच सिरॅमिक वूल, नळीपासून दोन बोटं लांब. दोन्ही मिळून १,६००. नळ्यांना पट्टी गुंडाळलेली नाही. पट्टीनं नळी आणखी तापते आणि खालचा तडा दिसत नाही.

पत्र्याच्या बाहेरच्या अंगाला चरक चालू असताना हात ठेवता येतो. आबांनी स्वतः ठेवून पाहिला, मग चिपाडांचा ढीग आणखी पाच फूट मागं घ्यायला लावला.

११ जानेवारी

संक्रांतीच्या तोंडावर गुळाची मागणी आणि तापाचं मीटर ५८० दाखवतंय. चार दिवसांत पन्नास अंश वाढ. मॅनिफोल्ड कुठंतरी गळतोय असं धरून सगळा काढला, कॅमेरा घातला, पॅकिंग बदललं. काही सापडलं नाही. दुपारी भाच्यानं एअर फिल्टर उघडला. चिपाडाच्या बारीक भुशानं तो नमद्यासारखा भरला होता. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून ताप. झटकून बसवला, ४८५. एक दिवस आणि एक चांगलं पॅकिंग वाया गेलं. आता हवेचा पाइप भिंतीच्या बाहेरून घेतलाय आणि फिल्टर रोज सकाळी झटकायचा असं फळ्यावर लिहिलंय.

२८ फेब्रुवारी

दुरुस्तीनंतर २६४ तास झाले. मुद्दाम उघडून पाहिला. जोडांवर रंग चढलाय, निळसर तपकिरी. जिथं फाटला होता तिथं कॅमेऱ्यात आणि भिंगाखाली काही दिसत नाही. टोकांच्या वॉशरखाली दीड मि.मी. लांबीची चकचकीत घासलेली खूण आहे. मॅनिफोल्ड तेवढा सरकतोय. टर्बोच्या पंख्याच्या कडा शाबूत.

तीन नंबरचा खालचा नट पाव फेरा सैल निघाला. साधे नट होते. तांब्याचा मुलामा दिलेले लॉकनट आणलेत, ते सगळीकडे घालणार आहे.

साहित्याचा खर्च वाया गेलेल्या सकट साधारण साडेअकरा हजार. ट्रॅक्टर सत्तावीस तास लावावा लागला, त्याचे १६,२००. ते पैसे बेंड आणि आरगॉनपेक्षा जास्त आहेत, म्हणून हे काम हंगामाच्या आधी, पावसाळ्यात करा. भंगारातलं हेड मी विकणार नाही. ते आणि पत्र्याची फ्लँज दोन्ही माळ्यावर ठेवलीत. पलीकडच्या वाडीत असंच इंजिन आहे आणि त्यांचाही मॅनिफोल्ड दोन-तीनच्या मध्ये फुटलाय. ते रविवारी माप घ्यायला येणार आहेत.